पडलेल्या आणि न पडलेल्या माणसांविषयी

माझी प्रत्येक नोकरी कुणीतरी पडल्यानंतर सुरू झाली. बांधकामावर सेफ्टी ऑफिसर नेमायचा असतो हे बिल्डर लोकांना माहीत नसतं असं नाही, पण त्याची आठवण येते ती रुग्णवाहिका गेटबाहेर गेल्यावर. मग फोन येतो. "मॅडम, उद्यापासून येता का?" मी विचारते, "कोण पडलं?" पलीकडून मग, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

कुणी सांगावं लागत नाही.

आता मी निवृत्त आहे. शहरातल्या छावणी भागातल्या घरात बसून टोमॅटोच्या कुंड्या बघते. कुंड्या गच्चीच्या कठड्यावर ठेवू देत नाही, खाली ठेवायला लावते, म्हणून घरातले हसतात. माझ्या सासूबाईंना माझं काम शेवटपर्यंत कळलं नाही. त्या विचारायच्या, "तू तिथं करतेस तरी काय?" मी म्हणायचे, "माणसं पडू नयेत म्हणून बघते." "आणि कुणी पडलंच नाही तर?" "तर काम चांगलं झालं." त्यावर त्या थोडा विचार करून म्हणायच्या, "म्हंजी काहीच झालं नाही, त्याचा पगार घेतेस." याहून बरी व्याख्या मला पुढं कोणत्याही प्रशिक्षणात मिळाली नाही.

साईटवर मला 'पट्टेवाली मॅडम' म्हणायचे. पट्टेवाला म्हणजे कचेरीतला शिपाई, पट्टेवाला म्हणजे वाघ, आणि माझ्या बाबतीत पट्टा म्हणजे सेफ्टी बेल्ट. तिन्हींपैकी कोणता अर्थ घ्यायचा ते माणसानं त्या दिवशीच्या माझ्या आवाजावरून ठरवायचं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, बांधकामावरची माणसं फार उंचावरून पडतात. पडतात, नाही असं नाही. पण मी पाहिलेली बरीच माणसं शिडीवरून, पहिल्या मजल्याच्या स्लॅबवरून, नाहीतर घोडीवरून पडलेली आहेत. घोडी म्हणजे प्लास्टर करताना उभं राहायचं लाकडी स्टूल. उंचावर गेलेला माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेला माणूस धरून चालतो. कमी उंचीला कुणी घाबरत नाही. तिथं माणूस डोक्यावर घमेलं, कानाला मोबाईल आणि तोंडात तंबाखू घेऊन उलटा चालतो.

दुसरी गोष्ट छताच्या पत्र्यांची. शेंद्र्याला एका कारखान्यात शेडवरची पानं काढायला दोन माणसं चढवत होते. शेडवर मध्ये मध्ये उजेडासाठी पारदर्शक पत्रे असतात. नवे असताना ते ओळखू येतात. धूळ बसली की सगळे पत्रे सारखेच दिसतात, वजन मात्र सारखं पेलत नाहीत. मी म्हटलं, आधी खालून जाळी बांधा, वर चालायला फळ्या टाका. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, पाच मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, "पडायला तर तेवढीही लागत नाहीत." ते माझ्यावर रागावले. जाळी बांधली, फळ्या टाकल्या, पानं काढली, कुणी पडलं नाही. त्यावर मॅनेजर म्हणाले, "बघा, उगीच खर्च केला." या धंद्यात आपण बरोबर होतो हे सिद्ध करता येत नाही. सिद्ध करायचं तर कुणीतरी पडावं लागतं.

पण मला सांगायची आहे ती जालना रोडच्या बाजूला उभ्या राहिलेल्या एका इमारतीची गोष्ट. आता तिथं लोक राहतात, बाल्कनीत कपडे वाळत असतात. इमारतीचं नाव सांगत नाही. बिल्डरला आम्ही नुसतं शेठ म्हणायचो, इथंही शेठच म्हणते. माणूस वाईट नव्हता. घाईत होता.

तिथं पडला होता तो कडुबा. करमाडच्या पुढच्या एका वस्तीवरचा, धनगराच्या घरातला. आधी मेंढ्या होत्या. चराईची रानं प्लॉटिंगमध्ये गेली तशी मेंढरं विकली आणि हा माणूस बिगारी कामाला लागला. तो चौथ्या मजल्याच्या स्लॅबवरून डक्टमध्ये पडला. डक्ट म्हणजे पाण्याचे, सांडपाण्याचे पाईप वरून खाली नेण्यासाठी प्रत्येक स्लॅबमध्ये सोडलेली मोकळी जागा. वरून बघितलं तर विहिरीसारखी, फक्त पाणी नसतं.

मी रुजू झाले तेव्हा कारण तयार होतं. सुपरवायझरनं सांगितलं, "पिलेला होता." सगळ्यांनी तेच सांगितलं. हे कारण सगळ्यांच्या सोयीचं असतं. माणूस पिलेला म्हटला की डक्ट उघडी का होती, कठडा का नव्हता, कुणी बघायचं होतं, हे सगळे प्रश्न त्याच्याबरोबर सरणावर जातात.

पहिल्याच आठवड्यात मी सकाळी आले तर गेटजवळ एक बाई बसलेली. वॉचमन तिला आत सोडत नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "म्या कडुबाची. गयाबाई."

मी तिला केबिनमध्ये घेतलं, चहा मागवला. तिनं चहाकडं बघितलं नाही.

"तुमी चौकशीच्या बाई का?"

"चौकशीची नाही. पुन्हा असं होऊ नये म्हणून आले."

"पुन्यांदा व्हायला तो हाय कुटं?" ती म्हणाली. मग पदर सारखा करून, अगदी हिशेबी आवाजात बोलायला लागली. "बाई, पैशाचं काय व्हईल ते व्हईल. पर गावात समदे म्हंत्यात, कडुबा पिऊन मेला. माझी लेक नांदती तिकडं शेजारच्या गावात. तिची सासू तिला उठता बसता म्हंती, दारुड्याची लेक. त्यानं जलमात थेंब घेतला नाय वो. वस्तीवरची मानसं होळीला पाजायला बघायची, तर हा मेंढरात जाऊन झोपायचा."

"तुम्ही त्या दिवशी इथं होता?"

"नाय. सासूचं दुखत व्हतं, म्या गावाकडं. फोन आला. कोनाचा ते बी ठाऊक नाय. म्हने, तुमचा मानूस पडलाय, या. पडलाय म्हने. मेला बी म्हनले नाय."

तिचं एवढंच मागणं होतं. तो प्यायलेला नव्हता, हे कुणीतरी सांगावं.

मी चौथ्या मजल्यावर गेले. माझ्याबरोबर गनी मिस्त्री आले. हे सिल्लोडचे, परांची बांधणाऱ्या टोळीचे मुकादम. परांची म्हणजे बाहेरून काम करायला उभारलेला पाईप आणि फळ्यांचा सांगाडा. गनी मिस्त्री त्यावर असे चालायचे की आपण फुटपाथवर चालतो तेही जरा बेफिकीर वाटावं. अंगात पांढरा सदरा, पायात चप्पल, पट्टा नाही. मी पहिल्या दिवशी पट्टा पुढं केला तेव्हा म्हणाले होते, "मॅडम, ये नये लोगां के वास्ते है. मेरेकू पाईप पहचानते."

डक्टवर आता प्लाय ठेवलेला होता. मी विचारलं, "तेव्हाही होता का?"

मिस्त्री म्हणाले, "हौ. था ना."

"मग झाकलेल्या डक्टमध्ये माणूस पडला कसा?"

मिस्त्री दुसरीकडं बघायला लागले.

त्या दिवशी कडुबाला काम काय दिलं होतं ते मी टोळीतल्या माणसांना विचारलं. चौथ्या मजल्यावर पसरलेले सेंट्रिंगचे, म्हणजे स्लॅब ओतताना खालून लावायचे, प्लाय गोळा करून जिन्यापाशी आणायचे, हे काम होतं. मग मला सगळं दिसलं. प्लाय मोठा असतो, दाराएवढा. तो दोन्ही हातांनी उचलून छातीपुढं उभा धरावा लागतो. तसा धरला की पुढचं काही दिसत नाही, पायाखालचंही नाही. स्लॅबवर प्लाय सगळीकडं पडलेले. त्यातला एक डक्टवर झाकण म्हणून ठेवलेला. त्याला खिळे नाहीत, रंग नाही, खूण नाही. कडुबानं बाकीचे उचलले तसा तोही उचलला आणि एक पाऊल पुढं टाकलं. झाकण हातात धरूनच तो खाली गेला.

हे मी शेठना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, शुद्धीत असलेल्या माणसाला एवढा मोठा खड्डा दिसणार नाही?"

मी म्हटलं, "शेठ, जरा पार्किंगमध्ये येता?"

पार्किंगच्या फरशीवर मी खडूनं डक्टच्या मापाचा चौकोन काढला. त्यावर एक प्लाय ठेवला. आजूबाजूला आणखी चार-सहा टाकले. टोळीतली माणसं जेवायची सुट्टी सोडून बघायला उभी राहिली. मी बोलावून घेतलेली गयाबाई खांबाला टेकून उभी होती. शेठनी सफारीच्या बाह्या वर केल्या. ते प्रामाणिकपणे करत होते, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी एक प्लाय उचलला, भिंतीला नेऊन लावला. दुसरा उचलला, लावला. घाम पुसला. तिसरा उचलला, छातीशी धरला, वळले आणि पाऊल टाकलं.

"थांबा," मी म्हटलं. "आता प्लाय बाजूला करून खाली बघा."

त्यांनी बघितलं. त्यांचे दोन्ही बूट खडूच्या चौकोनाच्या मधोमध होते.

"शेठ, तुम्ही पडलात," मी म्हटलं.

 शेठ त्या चौकोनात बराच वेळ उभे राहिले. बाहेर यायचं कसं ते विसरल्यासारखे. मग म्हणाले, "मला माहीत होतं खाली चौकोन आहे. तरी…"

"कडुबाला माहीत नव्हतं."

तेव्हा गनी मिस्त्री पुढं आले. टोपी काढून परत घातली. "शेठ, कडुबा पीता नै था," ते म्हणाले. "हम सब कू मालूम था. वो तो चाय बी आधी छोडता था, बोलता था नींद नै आती. सुपरवायझर साब बोले पिया था, तो हम बी चुप बैठ गये. डक्ट कू खिळे ठोकने का किस्कू बोला नै था, किसीने ठोके नै. पूछते तो सब कू पूछते."

 गयाबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं आणि ती गेटकडं चालत गेली.

कागदावर जे दुरुस्त करायचं ते शेठनी केलं. सुपरवायझर दुसरीकडं गेला. पण गाव कागद वाचत नाही. 'पिऊन मेला' हे दोन शब्दांत गावभर होतं; 'प्लाय हातात असल्यामुळे पायाखालचं दिसलं नाही' हे सांगायला ऐकणाऱ्याला आधी खाली बसवावं लागतं.

त्यानंतर आम्ही डक्टचं काम असं केलं की स्लॅब टाकतानाच लोखंडी सळया डक्टवरून तशाच आरपार जाऊ द्यायच्या. पाईप बसवायची वेळ येईल तेव्हा कापायच्या. तोवर वरचा प्लाय कुणी नेला तरी खाली जाळी असते. ज्या मजल्यांवर हे जमत नव्हतं तिथं प्लायला खिळे ठोकले आणि लाल रंगाची फुली मारली. 'खाली खड्डा आहे' असं लिहिण्यात अर्थ नव्हता. निम्म्या टोळ्या बिहारकडच्या, काही तेलंगणाच्या. फुली सगळ्यांना वाचता येते.

गयाबाई महिन्याभरानं परत आली. म्हणाली, काम द्या. शेठ बिचकले. मी तिला पट्ट्यांच्या खोलीत ठेवलं. सकाळी पट्टे वाटायचे, संध्याकाळी मोजून घ्यायचे, शिवण उसवली असेल तर बाजूला टाकायचे. तिला हे काम आवडलं असं मी म्हणणार नाही. पण ती ते असं करायची की पट्ट्यांनाही तिची भीती वाटावी.

पट्ट्याबद्दल थोडं सांगते, कारण लोकांचा गैरसमज असतो. पट्टा माणसाला पडू देत नाही असं नाही. माणूस पडतो, पट्टा त्याला जमिनीपर्यंत पोचू देत नाही. म्हणून तो शेवटचा उपाय आहे. पहिला उपाय म्हणजे जे काम खाली होतं ते खाली करा. मग कठडा लावा, खड्डे बंद करा, जाळी बांधा, आणि एवढं करून उरलं तर पट्टा. मालकांना मात्र पट्टा पहिला आवडतो, कारण फोटोत दिसतो. आणि नुसता पट्टा घालून काही होत नाही. त्याचा हूक घट्ट जागी अडकवावा लागतो. मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांनी पट्टा घातला होता आणि हूक स्वतःच्याच पट्ट्यात अडकवला होता. असा माणूस पडला असता तर स्वतःला घट्ट धरून पडला असता.

गनी मिस्त्री पट्टा घेतच नव्हते. मी समजावलं, रागावले, शेठना सांगितलं. शेठनी सांगितल्यावर त्यांनी पट्टा घेतला आणि खांद्यावर उपरण्यासारखा टाकला. त्यांच्याकडं बघून त्यांची सगळी टोळी तसंच करायला लागली. शेवटी मी विषय सोडला होता. गयाबाईनं धरला.

एका सकाळी मिस्त्री पट्टे वाटायच्या खिडकीपाशी आले तर तिनं पट्टा हातात धरूनच विचारलं, "मिस्त्री, घरी कोन कोन असतं?"

"बीवी है. दो बच्चियां. कायकू?"

"सिल्लोडात कुटं ऱ्हाता?"

मिस्त्रींनी मोहल्ला सांगितला. गयाबाईनं मान हलवली. "मशिदीपासून कोन्या हाताला?"

"अरे, पर कायकू?"

"मला फोनवर सांगितलं व्हतं," गयाबाई म्हणाली. "कोन बोलतं ते बी कळलं नाय. तुमच्या बायकूला म्या सोता येऊन सांगन. शेजारी बसून सांगन. म्हून घर इचारून ठेवते."

 मिस्त्रींनी एकदा माझ्याकडं बघितलं, जणू हे मीच शिकवलंय. मी शिकवलेलं नव्हतं. मला सुचलंही नसतं. त्यांनी पट्टा घेतला आणि तिथंच उभ्या उभ्या बांधला. उलटा बांधला. गयाबाईनं बाहेर येऊन सुलटा करून दिला.

त्याच सुमारास मी लटकलेल्या माणसाला वर घेण्याचा सराव सुरू केला होता. पट्ट्यात लटकलेला माणूस वाचला असं लोकांना वाटतं. तो अर्धाच वाचलेला असतो. मांड्यांना पट्टे आवळतात, पायातलं रक्त पायात राहतं, आणि जास्त वेळ तसाच टांगलेला राहिला तर तो बेशुद्ध पडतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून त्याला लवकर काढायचं आणि तोवर त्याचे पाय कशावर तरी टेकवायचे. सरावासाठी आम्ही रेतीचं एक जाडजूड पोतं पट्ट्यात बांधून टांगायचो आणि ओढून घ्यायचो. टोळीनं त्या पोत्याचं नाव 'शेठ' ठेवलं. "शेठ कू संभाल के, शेठ कू!" असा आरडाओरडा चालायचा. एकदा खरे शेठ खाली उभे होते. त्यांनी मला विचारलं, "माझ्याविषयी इतकी काळजी कशाला?" मी सांगितलं, सगळ्यांचीच घेतोय.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, ऊन डोक्यावर. मी तळमजल्यावर इलेक्ट्रिशियनशी बोलत होते. वरून लाकूड आपटल्यासारखा आवाज झाला आणि एक फळी बाहेरच्या बाजूनं खाली आली. खालची जागा आम्ही दोरी लावून बंद केलेली होती, फळी तिथं मोकळ्या मातीत पडली. मी वर बघितलं. फळी खाली आली होती, गनी मिस्त्री आले नव्हते. ते पाचव्या मजल्याच्या बाहेर, हवेत, पट्ट्याला टांगलेले होते.

झालं होतं ते असं. परांचीच्या फळ्या दोन्ही टोकांना बांधलेल्या असतात. प्लास्टरच्या टोळीतल्या कुणाला तरी त्यांची पाण्याची नळी बांधायला दोरी हवी होती. त्यानं एका फळीची सोडून घेतली. फळीचं टोक आधाराच्या बरंच बाहेर होतं. न बांधलेल्या फळीच्या अशा टोकावर पाय ठेवला की ती लहान मुलांच्या सीसॉसारखी उलटते. मिस्त्रींनी ती फळी स्वतः बांधलेली होती, म्हणून तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ज्यांना पाईप ओळखतात त्यांचं असं होतं. पाईप ओळखतात, फळी ओळखत होती, दोरी कुणीतरी नेलेली होती.

खाली माणसं धावली आणि नेमकी त्यांच्या खाली जाऊन उभी राहिली, हात वर करून. हे सगळीकडं होतं. पडणाऱ्याला झेलू असं माणसाला वाटतं. गयाबाई पट्ट्यांच्या खोलीतून बाहेर आली आणि तिनं मेंढरं हाकावीत तशी त्या सगळ्यांना बाजूला हाकलली. "व्हा मागं! त्याच्यासंगं तुमी बी मरता काय? व्हा!"

मी जिना चढताना ओरडत होते, "मिस्त्री, पाय हलवा! पाय हलवत राहा!"

वरून आवाज आला, "हलारा हूं! और क्या करूं यहां!"

पाचव्या मजल्यावरून त्यांच्या टोळीनं दोरी सोडली. तिच्या टोकाला घोड्याच्या रिकिबीसारखा फास होता. मिस्त्रींनी पहिल्या खेपेला तो पकडला नाही. दुसऱ्या खेपेला पकडला, त्यात पाय घातला आणि उभे राहिले. त्यांच्या तोंडावरचा रंग जरा परत आला. मग चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून दोघांनी त्यांचे पाय धरले, वरच्यांनी त्यांच्या पट्ट्याला दुसरी दोरी लावून हूक सोडवला, ती दोरी हळूहळू ढिली केली, आणि पोत्याला घ्यायचो तसं त्यांना आत घेतलं. कुणीतरी सवयीनं ओरडलं, "शेठ कू संभाल के!" मिस्त्री बाल्कनीच्या फरशीवर बसले. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "फळी कौन खोला?"

 मग ते रडले. आवाज न करता, टोपी तोंडावर धरून. त्यांच्या टोळीतली माणसं भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

दवाखान्यात नेलं. मांड्यांवर पट्ट्याचे काळेनिळे वळ, एका बरगडीला मार. काही दिवसांनी ते परत आले. सगळ्यांना सांगायचे, "मॅडम का पट्टा चेक कररा था. अच्छा है." मी त्यांना दुरुस्त केलं नाही. चांगली जाहिरात होती.

आल्या दिवशी ते आधी पट्ट्यांच्या खिडकीपाशी गेले. मी मागंच होते.

"गयाबाई," ते म्हणाले, "सिल्लोड जाने की जरूरत नै पडी."

"बरं झालं," गयाबाई म्हणाली. "तसा बी तो रोड लई खराब हाय."

इमारत पूर्ण झाली तेव्हा शेठनी पार्किंगमध्ये मंडप घातला. पूजा झाली, आणि सगळ्या टोळ्यांना कुटुंबासकट जेवण ठेवलं. गयाबाई लेक, जावई आणि लेकीच्या सासूला घेऊन आली होती. मला वाटलं, जेवायला आणलं असेल. 'दारुड्याची लेक' म्हणणारी ती सासू लुगडं सावरत, सगळ्यांकडं संशयानं बघत, सुनेच्या शेजारी बसलेली.

पंगतीत पानं मांडली आणि शेठ माईक घेऊन स्टेजवर उभे राहिले. त्यांनी आर्किटेक्टचे आभार मानले, इंजिनियरचे मानले, बँकेच्या साहेबांचे मानले. मग मला उठायला लावलं. "या आमच्या खरात मॅडम. यांच्यामुळे आणि परमेश्वराच्या कृपेनं एवढी मोठी इमारत उभी राहिली आणि कुणाला इजा झाली नाही."

टाळ्या पडल्या. मी उभीच होते. मला बसावं की बोलावं कळेना. तेवढ्यात पंगतीतून आवाज आला.

"शेठ, एक पडला व्हता."

गयाबाई उभी राहिली होती. आवाज चढवलेला नव्हता. टाळ्या थांबल्या तरी दोन-चार उशिराच्या वाजल्या. जावयानं तिचा पदर ओढला. ती बसली नाही.

शेठ माईक तोंडापासून दूर धरून उभे राहिले. आर्किटेक्ट पायांकडं बघत होते. वाढपी वरणाची बादली घेऊन थबकला. मला वाटलं, शेठ आता म्हणतील, बसा बाई, नंतर बोलू. माणसं असंच म्हणतात.

शेठ म्हणाले, "हो. पडला होता." मग माईक परत तोंडाशी नेला. "कडुबा. कडुबा…" पुढं त्यांना येईना. त्यांनी स्टेजवर सगळ्यांकडं बघितलं. स्टेजवर कुणालाच पूर्ण नाव माहीत नव्हतं.

मागच्या रांगेतून गनी मिस्त्री उठले. "कडुबा सांडू शिंगाडे," ते म्हणाले.

"कडुबा सांडू शिंगाडे," शेठ माईकवर म्हणाले.  "चौथ्या मजल्यावरून डक्टमध्ये पडून गेले. डक्टवरचा प्लाय आम्ही पक्का केलेला नव्हता. त्यांची काही चूक नव्हती. आणि ते…" इथं ते थांबले. मी त्यांच्याकडं बघत होते. ते गयाबाईकडं बघत होते. "आणि ते प्यायलेले नव्हते. लोकांनी तसं म्हटलं. आमच्याच माणसांनी म्हटलं. ते कधीच पीत नव्हते. हे मी सगळ्यांसमोर सांगतो."

 लाऊडस्पीकर रस्त्याकडं तोंड करून लावलेला होता. रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनीही ते ऐकलं असणार.

गयाबाई खाली बसली. लेक रडायला लागली होती, तिला तिनं कोपरानं ढोसलं. वाढपी पुढं सरकला. लेकीची सासू समोरच्या पानाकडं बघत बसली होती, हात मांडीवर, तोंडात मीठ धरल्यासारखं तोंड करून.

गयाबाईनं तिच्या पानात स्वतःच्या हातानं बुंदी वाढली.

"घ्या विहीनबाई," ती म्हणाली. "जेवा पोटभर."